‘सुधरंल का हो तो?’ : जोडीदार बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, नांदेडकडच्या बाया, त्यांच्या आया, भाऊ आणि आजकाल बरेच नवरेही समुपदेशनाला येतात. ते जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र लिहिलं आहे. उत्तरं देताना मी तटस्थ असल्याचा आव आणलेला नाही. बहुतेक ठिकाणी ‘तो’ लिहिलंय, कारण विचारणाऱ्या बहुतेक बाया असतात. पुरुषांचे प्रश्न शेवटाकडं आहेत.

माणूस खरंच बदलतो का? एका शब्दात सांगा.

बदलतो.

आता दोन शब्द जास्त. आपल्या म्हणी या बाबतीत फार निराश आहेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, स्वभावाला औषध नाही. माणसांच्या मागं वर्षानुवर्षं राहून केलेले अभ्यास मात्र वेगळं सांगतात. विशी ते चाळिशीच्या दरम्यान माणसं सरासरीनं जास्त जबाबदार होतात, थोडी निवतात. पण ही सरासरी झाली, तुमच्या घरातला गडी तिच्यात बसेलच असं नाही. शिवाय हा बदल वर्षांच्या हिशेबानं होतो. येत्या दिवाळीपर्यंत होईल या आशेवर कुणी राहू नये.

म्हणून मी उलट विचारते: नेमकं काय बदलायला हवंय, आणि त्यासाठी झिजतंय कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मीच’ असं आलं, तर तो बदलत नाहीये. तुम्ही सांभाळून घेताय.

‘दोनाचे चार हात झाले की सुधरतो’ असं आमचे थोरले म्हणतात. खरंय का?

या एका वाक्यानं मराठवाड्यात जितक्या पोरींचं वाटोळं केलंय, तितकं हुंड्यानंही केलं नसेल, असं कधी कधी वाटतं. पोरगं पितं, उधाऱ्या करतं, रात्री-अपरात्री घरी येतं. घरच्यांनी हात टेकले की उपाय ठरतो: लग्न लावून द्या. म्हणजे आई-बापाला वीस-पंचवीस वर्षांत जे जमलं नाही ते परक्या घरातून आलेल्या मुलीनं सत्यनारायणाच्या पूजेनंतर सुरू करायचं. बरं, तिला हे काम दिलंय हे सांगतही नाहीत. सोयरीक जुळवताना ‘पोरगं जरा हौशी आहे’ एवढंच कानावर येतं. मग वर्षभरात पुढचा हप्ता: ‘एक लेकरू होऊ द्या, जबाबदारी आली की सुधरंल.’ लेकरू होतं. मग ‘वेगळं निघा’. मग ‘शेत वाटून घ्या’.

यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. लग्नानंतर तरुणांचं पिणं सरासरीनं कमी होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण ते मित्रांच्या नादानं, हौसेनं पिणाऱ्यांचं. ज्याला व्यसन लागलंय, ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याच्यावर अक्षतांचा परिणाम होत नाही. हात उगारणाऱ्यावर तर नाहीच. लग्नानं त्याला एक हक्काचं माणूस मिळतं.

लग्न अजून झालं नसेल तर माझं उत्तर सरळ आहे. आज जसा आहे तसाच तो आणखी वीस वर्षं राहिला तर चालेल का? चालत असेल तर करा. ‘नंतर बदलेल’ या बोलीवर करू नका.

कोणता दोष जातो आणि कोणता जात नाही?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा, की जोडप्यांतले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात. ते सुटत नाहीत. नवरा घुमा, बायको बोलकी. एकाला पैसा साठवायचा, दुसऱ्याला पाहुण्यारावळ्यांत उधळायचा. सुखी जोडप्यांतही हे वाद असतात, फक्त ती त्यांच्यावर हसायला शिकलेली असतात. तेव्हा तुमचा नवरा आईला विचारल्याशिवाय गाडीत पेट्रोलही टाकत नसेल, तर तो थोडा बदलेल, बाकीचं तुम्हाला सोसायचं की नाही ते ठरवावं लागेल.

सवयी बदलतात. कामात हात लावणं, वेळेवर फोन करणं, लेकरांचा अभ्यास घेणं. माणूस तयार असेल तर हे सोपं असतं.

पैशाचं खोटं बोलणं अवघड, पण तपासता येतं. ऑनलाइन रमीत आणि सट्ट्यात बुडालेली पोरं गेल्या काही वर्षांत फार आली. २०२५ साली केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण कायद्यानं ॲप बंद होतं, ओढ होत नाही. अशा वेळी ‘आता खेळत नाही’ ऐकून समाधान मानू नका. देणेकऱ्यांची पूर्ण यादी त्यानं स्वतः काढून दिली का? बँकेचं स्टेटमेंट न मागता दाखवतो का? यादीत नसलेला सावकार दारात उभा राहिला, की समजा अजून काही सुटलेलं नाही.

मारतो, मग रडतो, पाया पडतो. रडणं खोटं असतं का?

बहुतेकदा खरं असतं. म्हणूनच तर फसायला होतं.

लेनोर वॉकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली हे चक्र मांडलं: घरात ताण साठत जातो, मारहाण होते, मग माफी, साडी, देवदर्शन, गोड बोलणं, आणि पुन्हा ताण. प्रत्येक घरात ते तंतोतंत असंच फिरत नाही, पण ऐकताना बायांचे चेहरे बदलतात. माफीचे दिवस चक्राचाच भाग आहेत. त्यांना सुधारणा म्हणून मोजू नका.

‘दारूत होतं, शुद्धीत तो देव आहे’ हे वाक्य रोज ऐकते. दारूत त्यानं मुकादमाला मारलं का? सरपंचाला? चावडीवर गप्प बसून घरी येऊन हात उचलणाऱ्याची तेवढी शुद्ध शाबूत असते. दारू सुटली म्हणजे हात थांबेलच असं नाही. दोन्हींवर वेगवेगळं काम करावं लागतं.

मारहाण चालू असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करू नये. ती खोलीत खरं बोलते आणि घरी त्याची किंमत मोजते. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: त्यानं कधी गळा दाबला असेल, तर पुढे जीव जाण्याचा धोका खूप वाढतो, हे अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. व्रण दिसत नसला तरी. अशा घरात ‘बदलेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित जागी जा. जाताना त्याला सांगून, भांडून जाऊ नका. सोडून जाण्याचा काळच सगळ्यांत धोक्याचा असतो.

बैठकीत त्यानं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलंय, ‘पिणार नाही, मारणार नाही’. आता नांदायला जावं का?

बैठकीला माझा सरसकट विरोध नाही. चार वडीलधारी बसतात, मुलीच्या बाजूनंही कुणी बोलतं, कधी कधी नवऱ्याला पहिल्यांदाच लाज वाटते. पण बैठकीचा हेतू बहुधा त्याला बदलण्याचा नसतो, तिला परत पाठवण्याचा असतो. चहा होतो, बाँड होतो, ट्रॅव्हल्सचं तिकीट निघतं.

त्या बाँडनं माणूस बदलत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की आधी मारहाण झाली होती हे त्यानं सहीनिशी कबूल केलंय. म्हणून झेरॉक्स काढून माहेरी ठेवा. खरं बळ हवं असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ आहे. त्याखाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यानं नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्कही मिळतो, मग घर सासऱ्याच्या नावावर का असेना. लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू होतो.

आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. सोडून राहा म्हणता, पण कोयता कसा चालणार?

शहरातल्या सल्लागारांना हा प्रश्न कळतच नाही, म्हणून थोडं सविस्तर.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याकडून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच. उचल नवऱ्यानं घेतली, त्यातली निम्मी पिऊन किंवा बहिणीच्या लग्नात घातली, तरी ती फिटते दोघांच्या अंगावर. बाई मधेच निघाली तर कोयता मोडतो, मुकादम तिच्या बापाच्या दारात येतो. म्हणजे इथं नवरा सोडणं म्हणजे कर्ज मागं टाकून पळणं असं धरलं जातं. ‘स्वतःच्या पायावर उभी राहा’ असं तिला सांगणाऱ्यानं एकदा कोप्यावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, मुक्काम करून पाहावा.

अशा जोडप्यात बदल दिसतो तो उचलीच्या वेळी, गोड बोलण्यात नाही. उचल किती घ्यायची हे ठरवताना तुम्हाला विचारलं का? रक्कम कुणाच्या खात्यावर आली? किती फिटली हे तुम्हाला माहीत आहे का, की फक्त त्याला आणि मुकादमालाच? ज्या घरात उचल दोघांच्या सल्ल्यानं घेतली जाऊ लागली, तिथं बाकीच्या गोष्टीही हळूहळू हलताना मी पाहिल्यात. ज्या घरात ‘तुला काय कळतं’ एवढंच उत्तर येतं, तिथं नाही.

मारहाण तिकडे कारखान्याच्या तळावर झाली, तर तक्रारीसाठी गावी परतायची वाट पाहायची गरज नाही. वरच्या कायद्याखाली बाई तात्पुरती जिथं राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

दारू सुटते का?

सुटते. एका झटक्यात सुटेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. सुटणं, पुन्हा लागणं, पुन्हा सुटणं असा प्रवास असतो. एकदा घसरला म्हणून आधीचं सगळं वाया गेलं असं नसतं. घसरल्यावर तो लपवतो की दुसऱ्या दिवशी उपचाराला परत जातो, यावरून कळतं.

दोन धोके सांगते. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. दुसरं, भाजीत, चहात कालवायच्या ‘दारू सोडवायच्या गोळ्या’. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली की ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते त्याला सांगून, तपासण्या करून डॉक्टरच देतात. चोरून देणं म्हणजे नवऱ्याला विष घालण्याच्या जवळ जाणं आहे, आणि विश्वासही कायमचा जातो.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हे काम करतंय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभांना पैसे लागत नाहीत, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय बहुतेकांना जवळ पडतं. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवा.

माळ घातली तर सुटते का?

हसू नका, हा गंभीर प्रश्न आहे. नरसीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे नाथ ही सगळी आपलीच माती. इथं माळ घातल्यावर बाटली कायमची खाली ठेवलेली माणसं प्रत्येक गावात दोन-चार तरी सापडतात.

मला त्यात चमत्कार दिसत नाही, रचना दिसते. माळ गळ्यात असते, ती सगळ्यांना दिसते. गाव जाब विचारतं. एकादशी पंधरा दिवसांनी येतेच. संध्याकाळी, म्हणजे नेमकं प्यायच्या वेळेला, हरिपाठ असतो. जुने मित्र सुटतात आणि लगेच नवे मिळतात. पिणाऱ्याला एकटेपणाच जास्त मारतो. वारीत पाय दुखेपर्यंत चालायला लागतं. व्यसनमुक्ती केंद्रं यातलं बरंचसं वेगळ्या नावानं करतात.

पण बायकोनं किंवा आईनं ओढून नेऊन घातलेली माळ खुंटीवर जाते. ‘आज काढून ठेवली होती’ हे उत्तर ऐकलं नाही असं गाव नाही. आणि माळ घालून दारू सोडलेला माणूस घरात तसाच हुकूमशहा असू शकतो. दारू गेली एवढंच झालं. बाकीचं पुढे विचारा.

तो सतत संशय घेतो. हे प्रेमच ना?

नाही.

हा प्रश्न लग्न झालेल्या बाया विचारतात, आणि संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरीही. मित्र लाइव्ह लोकेशन मागतो, अभ्यासिकेतून निघाली की व्हिडिओ कॉल. ‘माझं तुझ्यावर किती प्रेम आहे’ या नावाखाली मैत्रिणी तुटतात, मग परीक्षा सुटते. हा संशय त्याचा स्वतःचा प्रश्न आहे हे त्यानं मान्य केलं तर बदल होतो. ‘तू अशी वागली नसतीस तर’ असं म्हणत राहिला तर नाही. कितीही पुरावे द्या, पासवर्ड द्या, भूक भागत नाही.

काही जणांत, विशेषतः बरीच वर्षं पिणाऱ्यांत, हा संशय आजाराच्या पातळीला जातो. शेजारचा, भाया (थोरला दीर), दूधवाला, कुणावरही. तिथं वाद घालू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. औषधानं फरक पडतो.

त्याचं बाहेर कुणाशी तरी होतं. आता संपलं म्हणतो.

संपलं असेलही. नंबर त्यानं स्वतःहून काढला का, तुमच्या तिसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नालाही न चिडता उत्तर देतो का, एवढं पाहा. ‘किती वेळा तेच तेच’ असं दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, तर त्याला माफी हवीय, हिशेब नकोय. २०१८पासून व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण आजही आहे.

माझ्या प्रेमानं तो बदलेल का?

इथं सगळे वाल्या कोळ्याचं उदाहरण देतात. वाल्याचा वाल्मीकी झाला, मग हा का नाही? मला ती गोष्ट फार आवडते, पण लोक तिचा मधला भाग गाळतात. नारदानं विचारलं, तुझ्या पापात घरचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी गेला, बायकोला विचारलं. बायको म्हणाली, पोसणं तुझं काम, पाप तुझं तू भोग. तिथून तो हलला. तिनं उपास केला नाही, सावित्रीचा वसा घेतला नाही, पदरात पाप घेतलं नाही. तिनं नाही म्हटलं.

व्यसनी माणसाच्या घरच्यांना शिकवायची एक पद्धत आता बऱ्याच अभ्यासांत टिकली आहे, आणि ती या गोष्टीपासून लांब नाही. तो पिऊन पडला तर कंपनीत ‘ताप आलाय’ असा फोन करू नका. त्याची उधारी तुम्ही फेडू नका. ओकारी काढू नका. तो शुद्धीत असेल त्या संध्याकाळी मात्र नीट बोला, आवडीचं करा, बरोबर बसा. आणि उपचाराची गोष्ट त्याला स्वतःलाच पस्तावा वाटतोय अशा सकाळी काढा, नशेत कधीच नाही. अशा घरांतली माणसं उपचाराला जास्त प्रमाणात तयार होतात. हे सगळं मारहाण नसलेल्या घरासाठी आहे, हे पुन्हा सांगते.

किती दिवस वाट पाहायची?

लंडनमधल्या एका अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. तेही पाणी पिणं, चालायला जाणं अशा सवयी. त्यामुळं एकवीस दिवसांत माणूस बदलून देणाऱ्या शिबिरांचे पैसे वाचवा.

मी एक अख्खं वर्ष सांगते, कारण आपल्याकडं माणसाची परीक्षा ऋतूंप्रमाणं होते. पेरणीच्या तंगीत सगळेच शहाणे असतात. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर तो कसा वागतो? पोळ्याला? लगीनसराईत मेव्हण्यांच्या बैठकीत? जत्रेत? आणि निवडणूक लागली तर फुकटच्या वाटपात? यातून गेला, तर पुढचं बोलता येईल. हे वर्ष एकाच छपराखाली काढलं पाहिजे असं नाही. माहेरी राहून, नोकरी करून, लेकरांना त्याला भेटू देऊनही काढता येतं.

वर्ष संपल्यावर तुम्हालाच नको वाटलं, तर? तो सुधारला तरी परत जायची सक्ती नाही. लोक म्हणतील, ‘आता तर सुधरलाय की!’ म्हणू द्या.

आणि बायको बदलत नसेल तर? पुरुषांचं कुणी ऐकतं का?

ऐकते. टोचून बोलणारी, चारचौघांत पाणउतारा करणारी, खर्च लपवणारी, क्वचित हात उचलणारीही बायको असते. वरचे बहुतेक नियम तिलाही तसेच लागू आहेत. एकच विनंती, ‘ती सासूचं ऐकत नाही’ हा दोष म्हणून घेऊन येऊ नका. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

कुठं जायचं? खर्च किती?

जीवाला धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१. मन फार खचलं असेल, दारू सोडायची असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलता येतं. अनेक पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष किंवा भरोसा सेल असतो, आणि जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर हे हिंसा सोसणाऱ्या बायांचं मदत केंद्र असतं. वकिलासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

मी नवरा आहे. चुकलो. आता सोडलंय सगळं. पण ती येत नाही म्हणते. मी काय करू?

बैठक बोलावू नका. तिच्या भावाला, मामाला, मैत्रिणीला फोन करू नका. लेकरांच्या हाती निरोप देऊ नका. स्टेटसवर दुःखी गाणी टाकू नका. एकदा, थोडक्यात, लिहून कळवा: काय केलं हे नावानिशी, ‘झालं गेलं’ असं नाही. कुठं उपचार घेताय ते. उत्तर मागू नका.

मग दर महिन्याला लेकरांचा खर्च तिच्या खात्यावर टाका, ठरलेल्या तारखेला, न विचारता. तिचे दागिने गहाण ठेवले असतील तर सोडवून आणा आणि पावतीसकट तिच्या आईकडं पोचते करा. तिथं बसून चहासाठी थांबू नका.